फुकट आहे, पण कुणाच्या मर्जीवर?

घरच्या टेबलावर छोटा सीएनसी राउटर जोडलात की पुढचा प्रश्न ठरलेला: सॉफ्टवेअर कुठलं? उत्तरही ठरलेलं असतं, ‘फ्यूजन घे, फुकट आहे.’ फुकट आहे हे खरं. पण फुकट आणि मोकळं यात फरक आहे.

फ्यूजन बनवणाऱ्या ऑटोडेस्कने ऑक्टोबर २०२० पासून वैयक्तिक मोफत परवान्याला कात्री लावली. एका वेळी फक्त १० डिझाइन एडिट करता येतात, आपोआप टूल बदलण्याची सोय गेली, रॅपिड मूव्हही गेली. म्हणजे कटर हवेतून सरकतानाही मटेरियल कापण्याच्याच वेगाने चालणार. काम होतं, पण वेळ जातो. स्टेप फाइल बाहेर काढण्याची सोयही जाणार होती. वापरणाऱ्यांनी ओरडा केला, म्हणून ती वाचली. यात बेकायदा काहीच नाही. घर त्यांचं, नियम त्यांचे.

ऑनशेपच्या मोफत प्लॅनमध्ये तुमचं डिझाइन सगळ्या जगाला दिसतं. विद्यार्थी परवाना शिक्षण संपलं की संपतो आणि त्यावर ऑर्डर घेता येत नाही. क्रॅक व्हर्जन? ती चोरीच, वर व्हायरसचा धोका.

म्हणूनच नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेलं फ्रीकॅड १.० महत्त्वाचं. २००२ पासून घडत आलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर. पूर्वी सुरुवातीचं स्केच बदललं की पुढचं मॉडेल कोलमडायचं. तो त्रास आता बराच कमी झालाय. टूलपाथ काढायला आतच कॅम वर्कबेंच आहे. शिकायला मात्र चिकाटी लागते आणि फ्यूजनइतकं ते गुळगुळीत नाही. पण प्लेट कापणं, खाच काढणं, भोकं पाडणं एवढ्यासाठी ते पुरेसं आहे. धंद्यासाठी वापरायलाही आडकाठी नाही.

मग निवडायचं कसं? तीन प्रश्न विचारा. स्टेप फाइल बाहेर निघते का? तुमच्या कंट्रोलरला, समजा जीआरबीएलला, कळणारा जी-कोड मिळतो का? उद्या नियम बदलले तर जुनी फाइल उघडेल का?

फ्यूजन आवडत असेल तर खुशाल वापरा. फक्त प्रत्येक डिझाइनची स्टेप प्रत स्वतःकडे ठेवा. तिच्यात आकार टिकतो, तो घडवण्याच्या पायऱ्या टिकत नाहीत, म्हणून मोजमापं वहीत लिहून ठेवा. सॉफ्टवेअर बदलता येतं. हातून गेलेलं डिझाइन पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं.