बोअर मारतात तेव्हाच विचारायला हवं



गेल्या उन्हाळ्यात आमच्या डोंगरावर जीप आली. दगडांवर पांढरे आकडे पडले, दोन जागी बोअर मारले, दगडाच्या लांब कांड्या पेट्यांत भरून नेल्या. विचारलं तर म्हणाले, "नुसती तपासणी आहे, तुमचं काय जातंय?" आम्ही गप्प बसलो. ती चूक झाली. का, ते कळायला लांबची एक हकिगत ऐका.

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर निस्गा नावाचे आदिवासी राहतात. नदीतला सॅल्मन मासा, खाडीतले खेकडे, हेच त्यांचं शेत. तिथे किट्सॉल्टच्या डोंगरात मॉलिब्डेनम सापडलं. पोलाद कणखर करायला हा धातू लागतो. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमिनीखालचा तापलेला रस वर घुसला, खडकाला भेगा गेल्या, त्या भेगांत गरम पाण्यातून गारगोटी आणि हे खनिज येऊन बसलं. दिसायला पेन्सिलीच्या शिशासारखं, करडं आणि मऊ. पण शिरा फार बारीक. हजार किलो दगड फोडला तर धातू मिळतो एखादा किलो. बाकी सगळ्याचं पीठ होतं, पाण्याबरोबर गाळ होऊन वाहतं. धातू किती, हे बोअरच्या कांड्यांवरूनच कळतं. म्हणजे गाळ किती निघणार, तेही तेव्हाच कळतं. गावाला कोण सांगतो?

१९६७ ते १९७२ तिथे खाण चालली. गाळ ओढ्यातून खाडीत गेला. पुढे दुसऱ्या कंपनीने खाण घेतली. १९७९ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने खास नियम काढून गाळ खाडीत सोडायची मुभा दिली, निस्गांना न विचारता. त्यांनी विरोध केला, तरी १९८१ मध्ये खाण सुरू झालीच. कामगारांसाठी नवंकोरं गाव वसवलं. १९८२ मध्ये भाव कोसळला, खाण बंद, गाव ओसाड. गाळ थांबला तो बाजारामुळे. निस्गांचं कोणी ऐकलं म्हणून थांबला नाही, हे आम्हाला फार बोचतं.

निस्गा मात्र हटले नाहीत. १९७३ मध्ये ते सुप्रीम कोर्टात हरले, पण सातपैकी सहा न्यायाधीशांनी आदिवासींचा जमिनीवरचा मूळ हक्क कायद्यात बसतो असं मानलं. २००० साली करार लागू होऊन सुमारे २००० चौरस किलोमीटर जमीन त्यांच्या नावे झाली. किट्सॉल्टची खाण त्या हद्दीबाहेर राहिली!

आपला १९९६ चा पेसा कायदा काढून बघा. गौण खनिजाच्या शोध-परवान्याआधी ग्रामसभेची किंवा पंचायतीची शिफारस सक्तीची आहे. लोखंड, बॉक्साइट, मॉलिब्डेनम गौण खनिजात येत नाहीत. म्हणजे मुरूम काढायला आम्हाला विचारणार, आणि डोंगर पोखरायला नाही. जमीन घेताना सल्लामसलत आहे, पण तोवर डोंगराचा हिशेब कोणाच्या तरी कपाटात जाऊन बसलेला असतो.

म्हणून पुढची जीप दिसली की त्याच दिवशी ग्रामसभा बसवा. काय शोधता, परवाना कोणाचा, कांड्यांचा अहवाल मराठीत कधी देणार, गाळ कुठे टाकणार, हे लेखी मागा. ठरावावर बायाबापड्यांचे सही-अंगठे घ्या, तहसीलला प्रत देऊन पोच घ्या. आमच्या गावाने असा ठराव केलाय. नमुना पाहिजे तर बाजाराच्या दिवशी संघटनेच्या खोलीवर या.