भाड्याने दिलेली नावे

औषधाच्या दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीवर काही चौकटी टांगलेल्या असतात. अन्न व औषध प्रशासनाचे परवाने, आणि त्यांच्या शेजारी फार्मसी कौन्सिलचे नोंदणी प्रमाणपत्र. त्यावर एका तरुणाचा किंवा तरुणीचा फोटो असतो. फोटोतले माणूस दुकानात हजर आहे का, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी पाहिले आहे? महाराष्ट्रातल्या कितीतरी दुकानांत ते नसते. तो दुसऱ्या शहरात कंपनीत नोकरीला असतो, नाहीतर ती लग्न होऊन सासरी गेलेली असते. दुकानात असते ते फक्त नाव. नावाचे भाडे दरमहा घरपोच होते, आणि चिठ्ठी वाचून गोळ्या काढून देतो तो बारावीपर्यंत शिकलेला एक मुलगा, ज्याने औषधशास्त्राचे पुस्तक कधी उघडलेले नाही.

डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टखेरीज कोणी देऊ नये, असे 1948 च्या फार्मसी कायद्याचे 42 वे कलम सांगते. हे कलम कागद रंगवण्यासाठी लिहिलेले नाही. तान्ह्या मुलाच्या तापावरचे पॅरासिटामॉल दोन रूपांत मिळते. थेंबांच्या बाटलीत एका मिलिलिटरला 100 मिलिग्रॅम औषध असते, तर नेहमीच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला सुमारे 125. म्हणजे थेंबांचे औषध चौपट तीव्र. घाबरलेल्या आईच्या हातात सिरपऐवजी थेंबांची बाटली पडली आणि तिने ती चमच्याने पाजली, तर काय होईल? रक्त पातळ राहावे म्हणून वॉर्फरिन घेणाऱ्या आजोबांना गुडघ्यासाठी कोणी सहज वेदनाशामक गोळी दिली, तर आतल्या आत रक्तस्राव होऊ शकतो. 'आजोबा, आणखी कोणती औषधे चालू आहेत?' हा एक प्रश्न विचारणारा माणूस दुकानात असावा, एवढ्यासाठी तो कायदा आहे. आपण तो माणूस काढून घेतला आणि त्याचा फोटो भिंतीवर ठेवला.

दोष दुकानदाराचा आहे, निरीक्षकाचाही आहे, आणि तेवढे म्हणून मोकळे होणे फार सोपे आहे. पण ही गोष्ट सुरू होते आपल्या घराच्या बैठकीत. मुलगा डी. फार्म. झाला की काका-मामा सांगतात, 'नोकरी लागेपर्यंत सर्टिफिकेट तरी लावून टाक, तेवढेच घरबसल्या चार पैसे.' हा सल्ला देताना कोणाची मान खाली जात नाही. वडील होकार देतात, आई देवापुढे साखर ठेवते. मुलगा सज्जन असतो, कोणाचे पाच रुपये खाणार नाही असा. त्या दुकानातून कोणाला काय दिले गेले, ते त्याला ठाऊक नसते आणि त्याने विचारायचेही नसते. न विचारण्याचेच पैसे त्याला मिळतात. ज्या घरात मुलाला पहिल्या पगाराआधी हा धडा मिळतो, त्या घराने राज्यातल्या भ्रष्टाचारावर चर्चा करण्याआधी स्वतःच्या मुलाकडे पाहावे.

2012 च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते. फार्मासिस्ट दुकानात हजर हवा, चिठ्ठीशिवाय औषध नको, बिल दिलेच पाहिजे, असा आग्रह त्यांनी धरला. विक्रेत्यांच्या संघटना खवळल्या, आणि दुकाने बंद ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. ज्यांच्या जिवासाठी हे चालले होते त्या ग्राहकांनी काय केले? दुकान उघडे नाही म्हणून त्रागा केला. कायदा राबवणारा अधिकारी आपल्यासाठी भांडत असताना आपण त्याच्या पाठीशी हजारोंनी उभे राहायला हवे होते. आपण राहिलो नाही. पुढे चौकटी तशाच राहिल्या आणि आपण चिठ्ठी न दाखवता ॲंटिबायोटिकची अर्धी पट्टी मागत राहिलो. पट्टीवरची लाल रेघ डॉक्टरला विचारल्याशिवाय हे औषध घेऊ नका असे बजावते. ती रेघ आपल्याला वाचता येते, हे अधिक वाईट.

नाव भाड्याने देण्याचा हा रोग एका धंद्यापुरता राहिलेला नाही. गावोगावी इमारतीचा नकाशा एक जण काढतो आणि त्यावर परवानाधारक म्हणून सही दुसऱ्याची असते. साइटवर देखरेखीसाठी कागदोपत्री ज्याचे नाव लागते, त्याने कॉलमचे स्टील बांधताना ती जागा पाहिलेलीही नसते. कंत्राट घेणारा एक आणि ज्याच्या नोंदणीवर ते घेतले तो वेगळाच. एखादी इमारत कोसळली की मग सगळे हळहळतात. 4 एप्रिल 2013 ला ठाण्याजवळ शिळफाट्याला लकी कंपाउंडमधली इमारत पडली, 74 माणसे गेली. 24 ऑगस्ट 2020 च्या संध्याकाळी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत जमीनदोस्त झाली, 16 जण मेले. ती काही ब्रिटिशांच्या काळातली जुनी चाळ नव्हती. महाडच्या गुन्ह्यात बिल्डरबरोबर आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार आणि नगरपालिकेचे अधिकारी यांचीही नावे आली. खरेखोटे न्यायालय ठरवील. मला एवढेच विचारायचे आहे की आपण राहतो त्या इमारतीच्या कागदांवर कोणाची सही आहे, हे आपल्यापैकी किती घरांत कोणाला सांगता येईल?

ज्यांनी घरे विकत घेतली त्यांनाही यातून सुटका नाही. 1963 साली महाराष्ट्राने सदनिकांच्या मालकीचा कायदा केला. बिल्डरांच्या मनमानीला आळा घालण्यासाठी आलेला हा कायदा 'मोफा' म्हणून ओळखला जातो. पूर्णत्वाचा दाखला मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये, एवढे सांगून तो थांबत नाही. तोवर कोणीही सदनिकेचा ताबा घेऊ नये, असेही तिसऱ्या कलमात स्पष्ट लिहिले आहे. म्हणजे साठ वर्षांपूर्वीच्या विधिमंडळाला ठाऊक होते की घाई दोन्हीकडून होणार. आणि आपण काय करतो? भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नसताना अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरून गणेशपूजन उरकतो, वास्तुशांतीला दोनशे पाने उठवतो आणि त्याच पंगतीत बिल्डरचा सत्कार करतो. पाणी टँकरने येते, अग्निशमनाची यंत्रणा पुरी झालेली नसते, पण पताका-तोरणे वेळेवर लागलेली असतात.

त्याहून मोठा अपराध रोख पैशांचा. मुद्रांक शुल्क वाचावे, उत्पन्न लपावे म्हणून किमतीचा एक भाग रोखीने देण्याची रीत मध्यमवर्गाने इतकी अंगवळणी पाडली आहे की ती नाकारणारा वेडा ठरतो. बिल्डर मागतो, हे खरे. देणारे कोण? प्राध्यापक, डॉक्टर, बँकेतले अधिकारी, निवृत्त शिक्षक. ज्या दिवशी नोटांची ती पिशवी हातातून सुटते त्या दिवशी ग्राहकाचा आवाजही सुटतो. ताबा दोन वर्षे लांबला, गच्ची दुसऱ्यालाच विकली गेली, तरी किती पैसे दिले हे त्याला खरे सांगता येत नाही. 1 मे 2017 पासून राज्यात महारेरा हे स्थावर संपदा नियामक प्राधिकरण आहे. प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, पूर्ण होण्याची तारीख हे सारे संकेतस्थळावर पाहता येते. दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्याआधी करार नोंदवावाच लागतो. हे संरक्षण उभे राहण्यासाठी ग्राहक चळवळीतल्या माणसांनी अनेक वर्षे खर्ची घातली. बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीचे काम उभे केले तेव्हा देशात ग्राहक संरक्षण कायदाही नव्हता. तो आला 1986 मध्ये. त्यांच्या कष्टांवर उभे असलेले हे छत्र आपण पिशवीभर नोटांसाठी स्वतःच्या हाताने मिटवतो.

आणि आता सरकारी कचेरीकडे वळू, कारण तिथे आपण स्वतःला निखालस निरपराध समजतो. महाराष्ट्रात 2005 चा एक कायदा आहे. लोक त्याला दप्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांच्या रेट्यातून तो आला. कोणत्याही शासकीय कर्मचाऱ्याने आपल्याकडे नस्ती कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ अडकवून ठेवू नये, असे तो सांगतो. 2015 मध्ये त्यावर लोकसेवा हक्काचा कायदा आला. कोणती सेवा किती दिवसांत, किती शुल्कात, कोणता अधिकारी देणार, हे कार्यालयाने फलकावर लावायचे. वेळेत मिळाली नाही तर त्याच खात्यात पहिले अपील, मग दुसरे, आणि त्यानंतर थेट सेवा हक्क आयोग. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड, आणि तो त्याच्या खिशातून. यातली पहिली पायरी चढायला वकील लागत नाही. साधा अर्ज लागतो.

तो अर्ज आपण करत नाही. आपण कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एजंटाला गाठतो. आरटीओत, भूमी अभिलेखात, दुय्यम निबंधकाकडे, तहसिलीत, सगळीकडे. मुलाला दुचाकीवर आठचा आकडा काढता येत नसला तरी पक्के लायसन आणून देणारा माणूस आपल्याला ठाऊक असतो आणि शेजाऱ्याला त्याचा नंबर देण्यात आपल्याला धन्यता वाटते. 19 मे 2024 ला पुण्याच्या कल्याणीनगरात भरधाव मोटारीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला आणि चालवणारा अल्पवयीन असल्याचे पुढे आले. सारा महाराष्ट्र संतापला, आणि तो संताप रास्त होता. पण त्याच आठवड्यात क्लासला उशीर होतो म्हणून पंधरा वर्षांच्या मुलीच्या हाती गाडीची किल्ली देणारे आईबाप आपल्याच सोसायटीत होते. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड, ही तरतूद 2019 पासून मोटार वाहन कायद्यात आहे. श्रीमंताच्या मुलाला ती लागू व्हावी असे आपल्याला वाटते. आपल्या मुलाच्या बाबतीत 'जवळच तर जायचे आहे' हे उत्तर तयार असते.

एजंटाला दिलेले पैसे माझे, काम माझे, त्यात कोणाचे काय गेले, असे विचारणारे पुष्कळ आहेत. गेले ते तिचे, जी त्याच तहसिलीच्या ओट्यावर सकाळपासून बसली आहे. नवरा गेल्यावर संजय गांधी निराधार योजनेतल्या महिना 1,500 रुपयांसाठी तिला उत्पन्नाचा दाखला हवा आहे. तलाठ्याचा जबाब हवा, आणि तलाठी आज मीटिंगला. तिची ओळख नाही आणि पिशवीत एसटीच्या परतीच्या भाड्यापलीकडे पैसे नाहीत. आपल्या मुलाचा नॉन-क्रिमिलेअरचा दाखला एजंटाने दोन दिवसांत काढला, तेव्हा तिचा अर्ज खाली सरकला. असे रोज होते, आणि तिच्या अर्जावर सही करायचे काही मोल उरत नाही, कारण सहीचा भाव आपण ठरवून दिलेला असतो. आपल्यासारखी लिहिता-वाचता येणारी, चार लोकांत बोलता येणारी माणसे अपील करू लागली असती तर फलकावरची मुदत तिलाही लाभली असती. आपण आपली वाट विकत घेतली आणि तिची बंद केली.

जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला त्याला आता एकशे चाळीस वर्षे होऊन गेली. सरकारी कागदात काय लिहिले आहे हे वाचता न आल्यामुळे कुणबी कसा नाडला जातो, हे त्यांनी पोटतिडकीने मांडले. त्या कुणब्याला अक्षर येत नव्हते. आपल्याला येते. मोफा मराठीत आहे, लोकसेवा हक्काचा कायदा मराठीत आहे, कचेरीतला फलक मराठीत आहे. ज्या विद्येसाठी त्यांनी आणि सावित्रीबाईंनी शेण-दगड सोसले, ती हाती आल्यावर आपण तिचा उपयोग प्रमाणपत्र भाड्याने देण्यासाठी करावा, याची मला शरम वाटते.

आणि जो वाचतो, जो विचारतो, त्याचे आपण काय करतो? तळेगाव दाभाडेचे सतीश शेट्टी जमिनींचे गैरव्यवहार माहिती अधिकारातून उघड करत होते. 13 जानेवारी 2010 ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांचा खून झाला. असे बळी आणखीही आहेत. मारेकरी थोडे असतात. पण विचारणाऱ्याला आधी एकटे पाडावे लागते, आणि ते काम आपण पांढरपेशे लोक करतो. गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत एक माणूस उठतो आणि विचारतो की चार महिन्यांत व्हायचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे होणे, वीस वर्षे का झाले नाही. बिल्डरने टाळले तरी 2008 पासून मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे, त्यासाठी अर्ज का केला नाही. लिफ्टची तपासणी कोणी केली, प्रमाणपत्रावर सही करणारा इंजिनिअर इथे आला होता का. सभागृहात खुर्च्या सरकतात, कोणी घड्याळ बघतो, मागून आवाज येतो, 'बसा हो काका, जेवण थंड होतंय.' अध्यक्ष पुढचा विषय घेतात. दुसऱ्या दिवशी जिन्यात त्याच काकांना लोक हळूच सांगतात, 'तुमचे म्हणणे अगदी बरोबर होते.' मग काल सभेत तुम्ही का उठला नाही? काकांच्या मागोमाग आणखी दोन माणसे उभी राहिली असती, तर अध्यक्षांना तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यावा लागला असता आणि त्या इंजिनिअरला लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून पाहावे लागले असते.