मधुमेहाने झिजलेले स्नायू आणि स्टेम सेलचा बाजार: आयसीएमआरला खुले पत्र

मा. महासंचालक,
भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, नवी दिल्ली

स्टेम सेलबाबत आपण 2007 पासून मार्गदर्शक तत्त्वे काढत आहात. 2013 मध्ये ती सुधारली, 2017 मध्ये पुन्हा सुधारली. रक्तपेशी तयार करणाऱ्या मूळ पेशींचे प्रत्यारोपण, तेही ठरावीक आजारांसाठी, एवढाच मान्य उपचार आणि बाकी सगळे फक्त नोंदणीकृत चाचणीत, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. मधुमेहाने झिजलेले स्नायू त्या यादीत नाहीत. तरीही ‘पायांची गेलेली ताकद परत आणू’ असे सांगणारी जाहिरात मोबाइलवरून आमच्या कणकुंबी गावात पोचते आणि आपली यादी पोचत नाही. तक्रार करावी तर बेळगावहून बंगळूरकडे बोट आणि बंगळूरहून दिल्लीकडे. म्हणून हे पत्र उघडपणे लिहावे लागते आहे.

हा प्रश्न मूठभर लोकांचा नाही. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्याच पाहणीत देशात 10.1 कोटी मधुमेही निघाले, आणि आमच्या चोर्ला घाटाखालच्या गोव्यात हे प्रमाण 26.4 टक्के, देशात सर्वाधिक. जेवणानंतर इन्शुलिनच्या जोरावर रक्तातली जी साखर उचलली जाते, तिचा बहुतांश भाग स्नायूच उचलतात. आणि आपल्या देशात मुळात स्नायूंचीच उणीव. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे जन्मापासून मोजून दाखवले: पुण्याकडची बाळे सरासरी 2.7 किलोची, साउदॅम्प्टनची 3.5 किलोची, पण आपल्या बाळांत चरबी तुलनेने टिकून आणि स्नायू कमी. अशा शरीरात मधुमेह शिरला की जमिनीवर बसलेला माणूस उठताना आधी हाताने गुडघा धरतो, मग भिंत.

यातला एक आजार नीट समजून घ्यायला हवा, कारण बाजार त्याच्यावरच चालू शकतो. मधुमेही ॲमायोट्रॉफीत एका मांडीत भयंकर दुखते, मांडी आटते, वजन घटते, पायऱ्या चढवत नाहीत. पण यातले बरेच रुग्ण साखर आटोक्यात आणून आणि व्यायामोपचाराने काही महिन्यांत ते दोनेक वर्षांत बऱ्यापैकी सावरतात. मधल्या काळात कुणी लाखांचे इंजेक्शन दिले, तर सुधारणेचे श्रेय इंजेक्शनलाच जाणार. इंजेक्शन न घेतलेल्या तशाच रुग्णांशी तुलना केल्याशिवाय खरेखोटे ठरत नाही, आणि पैसे घेऊन उपचार विकणाऱ्याला ती तुलना करायचीच नसते. शिवाय मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेतल्याने बी-12 कमी होऊ शकते, कोलेस्टेरॉलच्या गोळीने स्नायू दुखू शकतात, थायरॉइड बिघडलेले असू शकते. ही कारणे साध्या तपासण्यांत सापडतात. स्टेम सेलच्या नादात ती शोधायची राहून जातात, हे नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे.

यावर म्हटले जाते की स्टेम सेलला भारतात परवानगी मिळालेलीच आहे. होय, 2020 मध्ये बंगळूरच्या एका कंपनीच्या उत्पादनाला मिळाली. पण ती पायाच्या रक्तवाहिन्या गंभीररीत्या तुंबण्याच्या आजारासाठी. ते इंजेक्शन पोटरीच्या स्नायूत देतात खरे, पण उद्देश रक्तपुरवठा वाढवण्याचा, स्नायू भरण्याचा नाही. दुसरे म्हणतात, स्वतःच्याच पेशी, मग धोका कसला? अमेरिकेत फ्लोरिडामध्ये स्वतःच्याच चरबीतल्या पेशी डोळ्यांत टोचून घेतलेल्या तीन स्त्रियांची दृष्टी गेल्याचे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले आहे. आणि मधुमेहीच्या पेशी मधुमेहातच वाढलेल्या. स्नायू दुरुस्त करणाऱ्या पेशी या आजारात स्वतःच दुबळ्या होतात, असे प्रयोगशाळेतले काम सांगते. संशोधन थांबवा असे आम्ही म्हणत नाही. चाचणी करा, नोंदवा, आणि तिचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नका.

‘आम्ही फक्त तत्त्वे देतो, अंमलबजावणी राज्याची’ हे उत्तर आता चालणार नाही. मधुमेह बरा करण्याच्या जाहिराती 1954 च्या कायद्याने बंद आहेत. 2019 च्या नियमांनी स्टेम सेलपासून बनवलेले उत्पादन नवे औषध ठरवले. कर्नाटकात खासगी रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा 2007 पासून आहे. कायदे आहेत, ते वापरायला कुणी लावत नाही. बेळगावात आपली स्वतःची संस्था आहे. तिच्यामार्फत सीमाभागातल्या प्रत्येक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर मराठीत आणि कन्नडमध्ये एक पान लावा: कोणत्या आजाराला स्टेम सेल मान्य, कोणत्याला नाही, पैसे मागितले तर तक्रार कुणाकडे. मधुमेहाच्या तपासणीत साखरेबरोबर रुग्णाला हाताची घडी घालून खुर्चीवरून पाच वेळा उठायला सांगा. 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पुढे पाठवा. याला खुर्ची आणि घड्याळ पुरते. आणि आलेल्या तक्रारींवर किती परवाने तपासले, किती जाहिराती उतरवल्या, ते दर तीन महिन्यांनी नावानिशी जाहीर करा. पहिली यादी कधी निघणार, ती तारीख आम्हाला लेखी हवी आहे.

कणकुंबीचा एक रहिवासी
ता. खानापूर, जि. बेळगाव