शितावरून भाताची परीक्षा : गणितात चालेल का?

फळ्यावर चार उदाहरणे जमली, की "म्हणून हा नियम" असे म्हणून आपण पुढच्या पाठाकडे वळतो. शिक्षकांनाही अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. ही सवय मला घातक वाटते. का, ते ४,२९,४९,६७,२९७ या संख्येवरून पाहा.

२ चा वर्ग करा, आलेल्या उत्तराचा पुन्हा वर्ग करा, असे करीत जा. २ सकट २, ४, १६, २५६, ६५,५३६ या संख्या मिळतील. प्रत्येकीत १ मिळवा : ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या आहेत. ही माळ कितीही वाढवली तरी प्रत्येक मणी मूळ संख्याच निघेल, असे मत फ्रेंच गणिती फेर्मा याने १६४० साली मांडले. सिद्धता हाती नाही हे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले होते. आपण वर्गात तेवढेही करीत नाही!

माळेतील सहावा मणी म्हणजे वरची चार अब्जांहून मोठी संख्या. तिला ६४१ ने निःशेष भाग जातो, हे ऑयलरने १७३२ साली दाखवले. भागाकार येतो ६७,००,४१७.

हा ६४१ सापडला कसा? ६५,५३६ पर्यंत ६,५४२ मूळ संख्या आहेत. एकेकीने भागत बसायचे? ऑयलरने पुढे सिद्ध केले, की या संख्येचा प्रत्येक मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच बनतो. मग उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्याच भागाकाराला चोर सापडला!

भागाकार न करताही हे पटवता येते. ६४० च्या चौथ्या घातातून १ वजा केला, तर उरलेल्या संख्येला ६४१ ने भाग जातो (बीजगणितातले अवयव आठवा). आता ६४१ म्हणजे ६२५ अधिक १६. त्याला २ च्या २८ व्या घाताने गुणा. येतो ६४० चा चौथा घात अधिक २ चा ३२ वा घात. या दुसऱ्या संख्येतून पहिली वजा करा. उरते २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे आपलीच संख्या!

मोबाइल हा भागाकार क्षणात करतो. करू द्या. पण शिक्षकांना माझी विनंती आहे, की उत्तर न सांगता पहिल्या पाच संख्या फळ्यावर लिहाव्यात आणि सहावीबद्दल वर्गाला हात वर करायला सांगावे. बहुतेक हात फेर्माच्या बाजूने वर होतील. मग ही संख्या लिहून आठवडाभर तशीच ठेवावी.

त्यानंतरच्या माळेचे म्हणाल, तर सहाव्यापासून तेहेतिसाव्या मण्यापर्यंत सगळे संयुक्त निघाले आहेत. पहिल्या पाचांपलीकडे एकही मूळ संख्या अजून सापडलेली नाही. पण म्हणून पुढे ती नाहीच, असेही कोणी सिद्ध केलेले नाही.