गुडघा बदलला, पण घर कुठं बदललं?

मागच्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नांदेडला केलं. ऑपरेशन चांगलं झालं. चूक पुढं झाली, आणि त्यात आमचाही वाटा मोठा. तुमच्याकडं तसं होऊ नये म्हणून लिहितोय.

दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभी राहिली. पाचव्या दिवशी सुट्टी. हातात बिल, गोळ्या आणि व्यायामाच्या चित्रांची एक झेरॉक्स. ती कुणी समजावून सांगितली नाही, आणि पत्रकार असून मीही विचारलं नाही. गावी आल्यावर भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं एकच, "आता हलू नका." गुडघ्याखाली मऊ उशी, पाणीसुद्धा जागेवर. व्यायामाचं नाव काढलं की आई म्हणायची, "लई दुखायलंय रे, उद्या करू." आम्हालाही बघवायचं नाही.

सहा आठवड्यांनी पाय ना पूर्ण सरळ होत होता, ना काटकोनात वाकत होता. डॉक्टर म्हणाले, "माझं काम दीड तासाचं. पुढचं तुमचं होतं."

राग आला. पण अर्धं खरं होतं.

आपल्याला वाटतं, जुना गुडघा काढून नवा बसवतात. तसं नाही. हाडांची झिजलेली टोकं तासून त्यावर धातूचं आवरण बसवतात, मधे प्लास्टिकची चकती. स्नायू मात्र तेच, वर्षानुवर्षं दुखण्यामुळं कमजोर झालेले. त्यांना पहिल्या काही आठवड्यांत कामाला लावलं नाही तर सांधा आखडतो.

सरकारनं एक चांगलं काम केलं. ऑगस्ट २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली. जास्त वापरात असलेला कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा आधी सरासरी १ लाख ५८ हजारांना होता, त्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये झाली, जीएसटी वेगळा. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा. पण सांधा बसवल्यानंतरच्या तीन महिन्यांचं काय? आमच्या तालुक्यात रोज जाता येईल असा फिजिओथेरपिस्ट मला सापडला नाही. नांदेडला जायचं तर एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे, पण त्या एसटीची पायरी चढायला आधी गुडघा वाकायला हवा!

शेवटी आईला लातूरला बहिणीकडं ठेवलं. रोज फिजिओथेरपी. ती ओरडायची, बहीण बाहेर जाऊन रडायची. तीन महिन्यांत गुडघा बराच मोकळा झाला. जे सहा आठवड्यांत व्हायचं, त्याला दुप्पट वेळ, दुप्पट दुखणं आणि दुप्पट खर्च.

आता कामाचं. गुडघा दुखतो म्हणजे ऑपरेशनच, असं नाही. वजन कमी करणं आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आधी. ऑपरेशन ठरलंच तर शुगर आधी आटोक्यात आणा. दोन्ही गुडघे एकदमच करायला पाहिजेत असंही नाही. वाजपेयी पंतप्रधान असताना त्यांचा एक गुडघा २००० मध्ये बदलला, दुसरा २००१ मध्ये. ऑपरेशनच्या आधीच घरात कमोड, उंच खुर्ची आणि कॉट करून घ्या. नंतर गुडघ्याखाली उशी नको. वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून व्यायामाच्या आधी घ्या. ताप, जखमेतून पाणी, पोटरीला सूज किंवा धाप दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

विष्णुपुरीचं शासकीय मेडिकल कॉलेज असो की लातूरचं, आधी तिथंही जाऊन या. महात्मा फुले योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का, ते आरोग्यमित्राला विचारा.

आणि लोकप्रतिनिधींना माझं एकच मागणं. शिबिरं घ्या, फोटो काढा, काही म्हणणं नाही. पण प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसवा. आपल्या आया जन्मभर उकिडवं बसून खुरपत आल्या. त्यांच्या गुडघ्याची जबाबदारी टाके निघाले की संपत नाही.

आई आता मारुतीच्या देवळापर्यंत चालत जाते. परवा शेजारच्या काकूंचं ऑपरेशन झालं. लोक भेटायला गेले, आईही गेली. सगळे म्हणाले, "आराम करा." आई म्हणाली, "आराम नंतर. आधी ती उशी काढा."