आधी ॲडमिट व्हा, मग बघू!

परवा बाबांच्या पाठीचा एमआरआय करायचा होता. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंत. म्हटलं, चला, सोय झाली. चार सेंटर्सना फोन केले. चारही ठिकाणी एकच प्रश्न: "पेशंट ॲडमिट आहे का?"

त्यांचं चुकत नाही, योजनाच तशी आहे. खर्च मिळतो तो दाखल झालेल्या पेशंटचा. त्याआधीच्या तपासण्या धरतात त्या फक्त ३ दिवसांच्या. ओपीडीतला एमआरआय आपल्या खिशातून. पण ॲडमिट व्हायचं की नाही, हे एमआरआय बघितल्याशिवाय ठरणार कसं? म्हणजे सर्व्हर बसला की नवा घ्यायला पैसे आहेत, लॉग बघायला नाहीत!

लोक म्हणतील, ओपीडीला पैसे दिले की बोगस बिलांचा पूर येईल. अहो, बऱ्याच ऑपरेशन्सना आधी मंजुरी घ्यावी लागतेच ना? तीच अट स्पेशालिस्टच्या चिठ्ठीवरच्या सीटी-एमआरआयला लावा. नाहीतर लोक नुसत्या तपासणीसाठी खाट अडवतील, आणि ते बिल जास्तच येईल.

असो. बाबांचे पैसे मी भरले. ज्यांचा मुलगा आयटीत नाही, त्यांनी काय करायचं?