फ्रँकली

मी मॅट्रिक झालेला गोदी कामगार. इंग्रजी मला पोत्यासारखं येतं, पाठीवर घेतलं की चालतो. पण एका शब्दानं खांदा सोलला.

धाकट्या बहिणीच्या कॉलेजसाठी वाशिमात खोली बघत होतो. मालकानं चहा पाजला, गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकून त्याचा कप हवेतच थांबला. "फ्रँकली सांगतो, मी जात मानत नाही. पण घरात म्हातारी आई आहे."

बाहेर आल्यावर बाप म्हणाला, "नाही द्याची होती तं नाही म्हणावं. मंधात इंग्रजी कायले आणलं यानं?"

बापाचा सवाल व्याकरणाचाच आहे. 'तो फ्रँकली बोलला' म्हणजे मोकळेपणानं बोलला. पण वाक्याच्या तोंडाशी फ्रँकली आलं की अर्थ होतो: आता कडू सांगतोय, पण राग मानायचा नाही. म्हणजे थप्पड मारायच्या आधीच माफी वसूल. आपलं 'स्पष्टच सांगायचं तर' हेच काम करतं.

शब्दाचं कूळ बघा. फ्रँक ही जर्मन टोळी. तिनं गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, जिंकला. तिच्या राज्यात पुरता मोकळा माणूस तो फ्रँक. म्हणून फ्रँक म्हणजे मोकळा, आणि पुढं मोकळं बोलणारा. गुलामाला कसलं फ्रँकली? मताधिकाराला इंग्रजीत फ्रँचाइज म्हणतात, तोही याच मुळातला. त्याच हक्कासाठी बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढं साक्ष दिली.

आता खरं फ्रँकली ऐका. १९३६. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. भाषण आधी वाचलं आणि घाबरलं, काही भाग गाळा म्हणालं. बाबासाहेबांनी कळवलं, स्वल्पविरामही बदलणार नाही. परिषद बारगळली. भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चानं छापलं.

फरक इथं आहे. बाबासाहेबांच्या स्पष्ट बोलण्याची किंमत बाबासाहेबांनी मोजली. खोलीमालकाच्या फ्रँकलीची किंमत माझी बहीण मोजते, रोज गावाहून एसटीनं येऊन-जाऊन.

तेव्हा पुढं कुणी फ्रँकली म्हणालं तर मुंडी हलवू नका. विचारा, बोलतोस तू, भरणार कोण?

मी त्या दिवशी गप्प उठलो, ती चूक झाली. मालक, आता माझं ऐका. फ्रँकली सांगतो, म्हातारीला मधे घालू नका. जात तुम्ही पाळता.